फ्लॉपीतलं चांदणीचं फूल

दसरा पंधरा दिवसांवर आला की माझं डोकं फिरतं. घरातले सगळे आता ओळखून आहेत. पाऊस गेलेला असतो, पण दुपारचं ऊन असं चावतं की कूलर काढून ठेवावा की राहू द्यावा याचा निकाल लागत नाही. अंगणातली चांदणी नेमकी याच दिवसांत वेड्यासारखी फुलते. सकाळी दार उघडलं की खाली पांढरा सडा पडलेला असतो. लोक म्हणतात, किती छान! मी झाडू घेते आणि तो सडा झाडता झाडता कोणावर तरी खेकसते.

यंदा खेकसायला वैशाली सापडली. वैशाली माझ्या भावाची मुलगी. पुण्यात असते, पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवण्याचं काम करते. ना कागद, ना शाई, ना दुकान. उन्हाळ्यात आली तेव्हा माझ्या पेटीतली तिच्या आजोबांची जुनी गाण्यांची पुस्तकं मोबाईलनं पानन् पान टिपून घेऊन गेली होती. काल तिचा फोन आला.

"आत्या, सगळी गाणी एकत्र करून टाकलीत. दसऱ्याच्या आधी येऊन जाईल पुस्तक. दोन तासांचं काम राहिलंय फक्त."

दोन तासांचं काम! दोन तासांत आमच्या काळी चार ओळी जुळून होत नव्हत्या बाई, असं काहीतरी मी बोलून गेले. ती गरीब पोर हसली. मग म्हणाली, "बरं, कव्हरवर लेखकाचं नाव काय टाकू? आजोबांचं पूर्ण नाव ना?"

मी म्हटलं, "थांब. उद्या सांगते." आणि फोन ठेवला. साधा प्रश्न होता. पण तो प्रश्न कितीतरी वर्षांपासून माझ्यापाशी अडकून बसलाय, हे तिला काय माहीत.

आमचा दसरा श्रावणातच सुरू व्हायचा. आम्ही जरीपटक्याच्या बाजारामागच्या वस्तीत राहायचो. वडिलांना सगळी वस्ती दादा म्हणायची, म्हणून आम्हीही दादाच म्हणायचो. ते मिलमध्ये होते आणि गाणी लिहायचे. बाबासाहेबांच्या दीक्षेनंतरची पहिली-दुसरी सालं असतील, तेव्हापासून दर दसऱ्याला दादांचं बत्तीस पानांचं नवं पुस्तक निघायचं. गुलाबी नाहीतर पिवळं पातळ कव्हर, त्यावर दादांचं नाव ठळक. दीक्षाभूमीच्या रस्त्यावर एक खाट उलटी टाकून त्यावर चादर अंथरली की झाला आमचा स्टॉल. वाऱ्यानं पुस्तकं उडू नयेत म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात विटा ठेवायच्या. गावोगावहून लोक ट्रकमधून, रेल्वेनं, पायी यायचे. खायचं फडक्यात बांधून आणायचे आणि पुस्तकं विकत घेऊन जायचे. ज्यांना वाचता यायचं नाही तेही न्यायचे, पोरांकडून वाचून घेऊ म्हणायचे.

स्टॉलवर माय बसायची. मायला सहीपुरती अक्षरं येत होती, त्यापुढे काही नाही. पण विकायला तिच्यासारखं कोणी नव्हतं. बाया विचारायच्या, "हे कसं म्हणाचं वं बाई?" की माय लगेच म्हणून दाखवायची. पुस्तक उघडायचीच नाही. कोणत्या सालच्या पुस्तकातलं कोणतंही गाणं विचारा, तिची चाल तयार. मला त्याचं कधी नवल वाटलं नाही. आपल्या नवऱ्याची गाणी बायकोला पाठ असणारच, यात काय मोठं!

घरी संध्याकाळी माय विड्या वळायला बसायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. हात चालायचे तसं तोंडानं गुणगुणणं चालायचं. दादा मिलमधून आले की चहा पिऊन वही घेऊन तिच्यासमोर बसायचे. ती गुणगुणायची, ते लिहायचे. मध्येच म्हणायचे, "पुन्हा म्हण." ती पुन्हा म्हणायची. मला वाटायचं, दादा रचतात आणि माय चालीवर बसतं का ते पाहते. डोळ्यांदेखत चाललेलं असतं सगळं, आणि माणूस ठार आंधळं असतं. माझी मला आजही चीड येते.

प्रेस महाल भागात होती. बोळातून आत शिरलं की आधी शाई आणि रॉकेलचा वास यायचा, मग पायानं चालवायच्या मशीनचा खडाखट आवाज. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला दौलतकाका. उंच, वाळकं शरीर, काडी तुटलेला चष्मा दोऱ्यानं कानाला अडकवलेला. प्रेसमध्ये आठ पानांपुरतेच खिळे होते. म्हणून पुस्तक आठ-आठ पानांनी निघायचं. आठ पानं जुळवायची, छापायची, खिळे पुसून आपापल्या खणात परत टाकायचे की पुढची आठ. काम झालं की खिळा घरी गेला पाहिजे, हा दौलतकाकांचा कायदा होता. आणि दादांचा कायदा असा, की मशीनवर चढलेल्या पानातही एखादा शब्द बदलायचाच.

"दादा, हे खिळे हायेत गा. गहू हायेत का निवडत बसाले?" दौलतकाका कुरकुरायचे आणि चिमट्यानं शब्द उपटून दुसरा बसवायचे.

एक होतं मात्र. अक्षरन् अक्षर त्यांच्या बोटांतून जायचं, तेही उलटं. त्यामुळे छापलेलं सगळं त्यांच्या डोक्यात राहायचं. दहा वर्षांपूर्वीच्या पुस्तकातली ओळ विचारली तर पान सांगून ओळ सांगायचे. "मले समजत नाई गा त्यातलं, पण बोटाईले आठवते," असं म्हणायचे.

पुस्तकाचं पहिलं पान मशीनवर चढण्याआधी त्या खिळ्यांना हळदकुंकू लावायची त्या प्रेसची रीत होती. आमच्या पहिल्याच पुस्तकाला दौलतकाका वाटी घेऊन पुढे झाले तशी माय म्हणाली, "भाऊ, आमच्याले हळदकुंकू नाई. राग नका मानू." ते थबकले. म्हणाले, "मंग तसंच कोरडं चढवू का बाई? बरं नाई वाटत." मायनं केसात नाहीतर ओच्यात कुठंतरी असलेलं अंगणातलं चांदणीचं फूल काढलं आणि खिळ्यांवर ठेवलं. दौलतकाकांचं समाधान झालं, दादांचं तत्त्व राहिलं. तेव्हापासून दरवर्षी माय एक फूल घेऊन महालात जायची. छापायच्या आधी दौलतकाका ते उचलून खिडकीत ठेवायचे.

एका साली जुळवलेली आठही पानं दौलतकाकांच्या हातून निसटून फरशीवर पडली. शिशाचा पाऊसच तो. दसऱ्याला आठ दिवस. आम्ही सगळे, दादा, माय, मी, माझा भाऊ, दोन दिवस फरशीवर बसून खिळे वेचत होतो. पाठ मोडून गेली, नखं काळी झाली. पण वेचले. पुस्तक वेळेवर आलं. सांगायचं काय, की पडलं तरी वेचता येत होतं.

मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी मालकांनी कॉम्प्युटर आणला. पायानं चालवायची मशीन गेली, खिळे पोत्यांत भरून वजनावर विकले. हातगाडीवर पोती चढत होती तेव्हा मी तिथं होते. दौलतकाका दारात उभे होते, हातात खिळे जुळवायची पट्टी तशीच. मालक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता काही पडत नाई, झडत नाई. एकदा टाकलं का कायमचं राहते!"

कायमचं. या शब्दावर माझा जो राग आहे तो तेव्हापासूनचा.

साठीला टेकलेल्या दौलतकाकांना त्या बटणांसमोर बसवलं. डोळे स्क्रीनवर ठेवायचे की बोटांवर, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. त्या मशीनच्या पोटात काही राहत नव्हतं. टाईप केलेलं सगळं एका काळ्या चौकोनी पाकिटातल्या चकतीवर जायचं. तीच फ्लॉपी. ती घेऊन सदर भागात जायचं, तिथं मोठ्या कॉम्प्युटरवाल्याकडे पानं लावून छापून घ्यायची, मग ती पानं ऑफसेटवर. फ्लॉप्या महाग, म्हणून मालक जपून वापरायला सांगायचे. दुसरी नक्कल ठेवावी हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आयुष्यभर काम झालं की खिळे सोडणारी माणसं ती.

त्याच उन्हाळ्यात माय गेली. आठ दिवसांचा ताप, आणि संपलं. दादांचा उजवा हात आदल्या वर्षीच लकव्यानं लुळा पडला होता. माय गेल्यावर ते गप्प झाले. मला वाटलं, यंदा पुस्तक नाही. पण श्रावणात एके दिवशी म्हणाले, "जुन्या वहीतले गाणे दौलतले देऊन ये. अन् दोन पानं रिकामे ठेवाले सांग."

"कशाला?"

"तुह्या मायवर लिहाचं हाये."

तीस पुस्तकं झाली होती. मिलवर, संपावर, पावसावर, बुद्धावर, बाबासाहेबांवर, सगळ्यांवर गाणी. मायवर एक ओळ नाही. दादांचा हात चालत नव्हता, म्हणून ते स्वतः रिक्षानं महालात गेले आणि दौलतकाकांच्या शेजारी स्टुलावर बसून तोंडानं सांगितलं. कागद नाहीच. मी म्हटलं, मला सांगा, मी लिहून घेते. तर म्हणाले, "तू छापून आल्यावर वाच." सगळी दुपार लागली त्यांना त्या दोन पानांना. मी मात्र दिवस मोजत बसले. त्या दसऱ्याला मला दुसरं काही नको होतं. दादा मायबद्दल काय म्हणतात तेवढं वाचायचं होतं.

फ्लॉपी घ्यायला मी दुसऱ्या दिवशी महालात गेले तेव्हा दादा येऊन नुकतेच परत गेले होते. दौलतकाकांनी फ्लॉपीचं बंद कागदी पाकीट हातात दिलं, म्हणाले, "सांभाळून ने, बाई." मी पाकीट पर्समध्ये टाकलं, पर्स काखेत दाबली आणि रिक्षानं भर उन्हात सदर गाठलं. गर्दी होती. पाऊण तास उभी होते, पर्स तशीच दाबून.

सदरच्या माणसानं पाकीट फोडलं, फ्लॉपी आत सारली. मशीन खरखर करायला लागली. पुन्हा सारली, पुन्हा खरखर. मग त्यानं ती बाहेर काढून नाकाला लावली आणि मोठ्यानं हसला. "मॅडम, इसकी पूजा करके लाए क्या?" फ्लॉपीच्या लांबट खिडकीत, जिथं आतली चकती उघडी असते नेमकं तिथं, चांदणीचं ओलं फूल चेंगरून बसलं होतं. देठाचा पांढरा चीक चकतीभर पसरला होता.

"काही निघेल का हो?" मी विचारलं.

"गया समझो."

मी तडक महालात. प्रेसमध्ये पाय ठेवल्याबरोबर सुरू झाले. चार माणसं बघत होती, तरी मी थांबले नाही. दौलतकाकांना मी नाही नाही ते बोलले. अडाणी म्हटलं. म्हातारे झालात, घरी बसा म्हटलं. माझी माय तुमच्या फुलानं खाल्ली म्हटलं. ते मान खाली घालून उभे होते. "चुकलं बाई," एवढंच म्हणाले. आणि मी निघाले तशी मागून बोळापर्यंत आले.

"बाई, दादाले फुलाचं नको सांगू. मशीन बिघडली म्हणून सांग."

वा! म्हणजे करून सवरून वर नाव राखायला पाहतात. माझा संताप आणखी वाढला. तरी घरी येऊन मी तेच सांगितलं, मशीन बिघडली म्हणून. दौलतकाकांसाठी नाही, दादांचा चेहरा पाहून जास्त बोलवेना.

दादांना म्हटलं, "दादा, पुन्हा सांगा. मी बसते लिहायला. आत्ता बसते."

"एकडाव बोललो."

"अहो पण गेलं ना ते!"

"आता नाई होत वं," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी दुसऱ्या दिवशी विचारलं, चौथ्या दिवशी विचारलं. मग माझंही डोकं गेलं आणि मी विचारणं सोडलं. माणसानं एवढं हट्टी असू नये. आणि विचारणाऱ्यानं एवढ्यात थकू नये.

त्या दसऱ्याला नवं पुस्तक नव्हतं. स्टॉल लावला. मधली जागा दादांनी रिकामीच ठेवायला लावली. गावाकडच्या बाया यायच्या, जुनी पुस्तकं चाळायच्या आणि दोन प्रश्न विचारायच्या. "यंदाचं कुठी हाये?" आणि "बाई कुठी हाये?" दोन्हीचं उत्तर देता देता संध्याकाळपर्यंत माझा आवाज बसला.

पौषात दादा गेले. पुढच्या दसऱ्याला मी जिद्दीनं पुस्तक काढलं. ऑफसेटवर, पांढऱ्या स्वच्छ कागदावर, वहीतली सगळी गाणी. कव्हरवर दादांचं नाव. दिसायला इतकं देखणं पुस्तक आमचं कधी निघालं नव्हतं, आणि हातात घेतलं की मला ते दोन पानांनी हलकं वाटायचं.

दौलतकाका स्टॉलवर आले. वर्षभर मी त्यांच्याशी बोलले नव्हते. त्यांनी एक प्रत घेतली, मागून पुढं चाळली, आणि विटेवर बसले. काय झालं कोणास ठाऊक, मी भांडायच्याच सुरात विचारलं, "काका, ते फूल तुम्ही काहून टाकलं होतं?"

त्यांनी प्रत मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आता दादा नाई. आता सांगतो. मी कुठी टाकलं बाई? दादानं टाकलं. त्या दिवशी सकाळी घरचं फूल घेऊन आला. म्हणे, दौलत, ते असती तर ते ठेवती. खिळे तर राहिले नाई, ठेवाचं कुठी? मंग म्हणे, यातच टाकतो. आपल्या हातानं पाकिटात टाकलं. मले का मालूम, त्यानं काय होते."

"मग मी एवढी बोलले तेव्हा सांगितलं का नाही?"

"तुले सांगतलं असतं तर तू रागात घरी जाऊन बोलली असती. आपल्या हातानं आपल्या बायकोचं पान मिटवलं, हे घेऊन जगाले लावू का म्हाताऱ्याले?"

स्टॉलसमोरून लोंढा चालला होता, धूळ उडत होती, कुठंतरी कर्ण्यावर गाणं चाललं होतं. मला लाजेनं वर पाहवेना. मान खाली घालूनच मी विचारलं, "काका, तुम्हाला तर सगळं आठवतं. त्या दोन पानांत काय होतं?"

दौलतकाकांनी दोन्ही हात पुढे केले आणि नुसते पाहत राहिले त्यांच्याकडे. "नाई आठवत बाई. खिळे असते तर सांगतलं असतं. त्या बटनाईत क कुठी अन् म कुठी शोधत होतो दिवसभर. कान दादाकडं नोताच माह्या." मग थांबून म्हणाले, "एक ओळ हाये. त्यानं दोनदा पुसाले लावली म्हणून राहिली. पयले म्हणे, लिव्ह, यातली काही गाणी तिची. पुसलं. मंग म्हणे, लिव्ह, अर्धी गाणी तिची. पुसलं. मंग लय वेळ गप बसला. मंग म्हणे, लिव्ह: ही गाणी तिची, मी लिहून घेतली."

माय, सूप, विड्या. "पुन्हा म्हण." एका क्षणात सगळं माझ्यासमोर उलटं होऊन सरळ झालं.

मी कोणाला सांगितलं नाही. वैशालीच्या बापालाही नाही. पुरावा काय होता माझ्याजवळ? चिकानं वाळलेली एक चकती, आणि एका म्हाताऱ्याच्या आठवणीतली ओळ. लोक म्हणाले असते, मेलेल्या बापाचं नाव खोडायला निघाली. खरं सांगते, लोकांचं निमित्त झालं, मलाच दादांचं नाव उतरवायला धीर झाला नाही. मग दौलतकाकाही गेले. फ्लॉपी माझ्या पेटीत आहे. उन्हाळ्यात वैशालीला दाखवली, तर म्हणाली, आत्या, चीक सोड, ही घालायला आता मशीनच कुठं मिळते! दादांवर चिडावं, तीस कव्हरांवर गप्प राहून शेवटी एकदाच तोंड उघडलं म्हणून? मालकांवर चिडावं? त्या कायमच्या राहणाऱ्या चकतीवर चिडावं? मी सगळ्यांवर चिडून पाहिलं आहे. शेवटी गाडी माझ्यावरच येते. सांगणारा शेवटचा माणूस मी होते आणि मी गप्प बसले.

काल रात्रभर तळमळून आज सकाळी मी वैशालीला फोन लावला.

"लेखकाचं नाव लिहून घे. आजीचं टाक."

ती गोंधळली. मी तिला सगळं सांगितलं, फुलापासून ओळीपर्यंत. मग हळूच म्हणाली, "आत्या, आजीचं नाव काय होतं?"

पोरीचा दोष नाही. कुठं छापलेलंच नव्हतं तर तिला कळणार कुठून.

"गिरजाबाई," मी म्हटलं.

"मध्ये आजोबांचं नाव लावू ना? गिरजाबाई तुळशीराम..."

"नको. मध्ये नको. खाली लाव. लिहून घेणारे, तुळशीराम."

बटणांचा टकटक आवाज आला. "झालं आत्या," वैशाली म्हणाली. "दोन मिनिटांचं तर काम होतं."